भातखाचरांच्या गावात मुक्काम: व्हिएतनामच्या पू लुओंगला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

व्हिएतनामला जाणारे आपल्याकडचे बहुतेक लोक एकच वाट धरतात: हनोई, हालाँग बे, दा नांगचा तो सोनेरी पूल, हो ची मिन्ह सिटी आणि परत. या वाटेवर शहरं दिसतात, समुद्र दिसतो, पण व्हिएतनाम ज्या भातावर जगतो ते भात गाडीच्या काचेतूनच मागे पळतं. त्यातल्या दोन-तीन रात्री कमी करून एखाद्या डोंगरी गावातल्या छोट्या रिसॉर्टला द्या, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. फक्त ही जागा नेहमीच्या हॉटेलसारखी बुक करायची नसते. खोलीसमोर दिसणारी हिरवी-पिवळी खाचरं रिसॉर्टची नसतात, शेजारच्या शेतकऱ्याची असतात. त्याचं वेळापत्रक बघून आपलं ठरवलं तर सहल साधते.

अशा जागा व्हिएतनामभर झाल्या आहेत. सापाजवळचं डोंगरमाथ्यावरचं टोपास इकोलॉज खूप आधीपासून प्रसिद्ध आहे. माय चाऊ आणि निन्ह बिन्हच्या ताम कोक भागातही चांगल्या जागा मिळतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी पू लुओंग सुचवतो. सापाइतकी गर्दी नाही, निन्ह बिन्हसारख्या पर्यटकांच्या बोटींच्या रांगा नाहीत, आणि हनोईहून गाडीने अर्ध्या दिवसात पोचता येतं. पुढचं सगळं पू लुओंग धरूनच लिहिलं आहे. बरंचसं बाकी ठिकाणीही चालेल.

आधी जागा समजून घ्या

पू लुओंग हे थान्ह होआ प्रांतातलं निसर्ग अभयारण्य आहे, १९९९ साली झालेलं, साधारण १७,००० हेक्टरांहून थोडं मोठं. हनोईच्या नैऋत्येला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर. चुनखडीच्या डोंगरांच्या दोन समांतर रांगा आणि मधे लांबट दरी, अशी रचना आहे. सर्वांत उंच शिखर सुमारे १,७०० मीटरचं, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळपास. दरीतल्या उतारांवर पायऱ्यापायऱ्यांची भातशेती आहे आणि ती करणारे लोक थाई आणि मुओंग जमातींचे आहेत. इथले थाई म्हणजे थायलंडचे नागरिक नव्हेत. व्हिएतनामच्या डोंगराळ उत्तर भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी ही वेगळी जमात आहे. त्यांची लाकडी घरं खांबांवर उभी असतात: माणसं वर, खाली अवजारं, मोटरसायकल, कोंबड्या.

कागदपत्रांच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात ठेवा. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने बरेच प्रांत एकत्र केले आणि जिल्हा हा प्रशासकीय स्तरच काढून टाकला. थान्ह होआ प्रांत तसाच राहिला, पण पू लुओंगच्या जुन्या पत्त्यांतला ‘बा थुओक जिल्हा’ आता कागदावर नाही. शेजारचं माय चाऊ होआ बिन्ह प्रांतात होतं, ते आता फू थो प्रांतात गेलं. अनेक संकेतस्थळांवर जुनेच पत्ते आहेत. दोन ठिकाणी दोन पत्ते दिसले तर घाबरू नका. रिसॉर्टला निरोप पाठवून सध्याचा पत्ता लेखी मागून घ्या. व्हिसाच्या अर्जात तोच लागेल.

तारीख भाताला विचारून ठरवा

या लेखातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच. पू लुओंगमध्ये वर्षाला भाताची दोन पिकं निघतात. पहिलं मेच्या अखेरीपासून जूनमध्ये पिकतं, दुसरं सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. जाहिरातीतली ती सोन्यासारखी दरी या दोन खिडक्यांमध्येच दिसते. कापणी झाली की आठवड्याभरात तिथे खुंट आणि चिखल उरतो, आणि रिसॉर्टच्या पानावर मात्र वर्षभर तोच सोनेरी फोटो असतो.

आपल्या सुट्ट्यांशी हे जुळवून पाहिलं तर मेची सुट्टी बरी बसते. शाळा सुरू व्हायच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात किंवा जूनच्या पहिल्या दिवसांत गेलात तर ओंब्या पिवळ्या पडलेल्या असतात. उकाडा आणि दमटपणा मात्र आपल्या मुंबईला लाजवेल असा, आणि दुपारी पाऊस. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी अपेक्षा बदलून जावं. हवा छान कोरडी, चालायला उत्तम, पण शेतं कापून झालेली. मी स्वतः विचाराल तर हिरवा रंग पिवळ्यापेक्षा सरस मानतो. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला खाचरं अशी गच्च हिरवी असतात की बघत बसावं. पण तो वादळांचा हंगाम. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळाने उत्तर व्हिएतनामला पूर आणि दरडींनी झोडपलं होतं. जुलै ते सप्टेंबरमध्ये जायचं तर फुकट रद्द करता येईल असंच बुकिंग करा.

लावणी फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा जून-जुलैमध्ये होते. तेव्हा खाचरांत पाणी भरलेलं असतं आणि त्यात आकाश दिसतं. फोटो काढणारे मुद्दाम याच काळात येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी मात्र जपून. ‘व्हिएतनाम म्हणजे गरमच’ या समजुतीने लोक हाफ चड्डी घेऊन जातात आणि दरीत दहा-बारा अंशांत, धुक्यात, बारीक रिपरिपीत कुडकुडतात. गवती छपराच्या बांबूच्या खोलीत थंडी चांगलीच शिरते.

टाळायच्या तारखा: तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, २०२६ साली १७ फेब्रुवारीला आणि २०२७ साली ६ फेब्रुवारीला. त्याच्या मागेपुढे आठवडाभर गाड्या भरलेल्या, बरीच दुकानं बंद. शिवाय ३० एप्रिल-१ मे आणि २ सप्टेंबर या राष्ट्रीय सुट्ट्या. एरवीही शुक्रवार ते रविवार हनोईची कुटुंबं इथे येतात. सोमवार ते गुरुवार गेलात तर दर कमी आणि रात्री शांतता.

बुकिंगच्या आधी नकाशा उघडा

‘पू लुओंग’ नाव लावलेली जागा दरीच्या एका टोकाला असू शकते किंवा दुसऱ्या. बान दोन हे गाव सगळ्यांत गाजलेलं. समोर उतरत जाणारी खाचरं आणि डोंगर असा जो फोटो सगळीकडे दिसतो तो बहुधा इथलाच. त्यामुळे रिसॉर्टही इथेच दाटले आहेत. बान हिएऊ धबधब्याच्या ओढ्याकाठी आहे, जास्त गावासारखं. खो मुओंग दरीच्या तळाशी, चारी बाजूंनी डोंगर, तिथे रिसॉर्टपेक्षा घरगुती मुक्कामच जास्त. सोन, बा आणि मुओइ ही उंचावरची गावं उन्हाळ्यातही गार, पण पोचायला आणखी वेळ.

खोलीचे प्रकार साधारण तीन. गावातल्या खांबांवरच्या घरात ओळीने गाद्या, मच्छरदाण्या आणि पडदे. रिसॉर्टमधली तशीच सामायिक खोली. आणि स्वतंत्र बंगला. माणशी गादीला दोन-साडेतीन लाख डाँग, म्हणजे सातशे ते बाराशे रुपये, आणि बंगल्याला पंधरा ते तीस लाख डाँग, म्हणजे पाच ते दहा हजार रुपये, असा ढोबळ अंदाज धरा. हंगामात आणि शनिवार-रविवारी वर जातो. दराच्या पुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर त्यात सेवाशुल्क आणि कर धरलेला नाही. सेवाशुल्क बहुधा पाच टक्के आणि कर आठ किंवा दहा टक्के, तो बिलात वाढतो.

पैसे भरण्याआधी रिसॉर्टला पुढचं विचारा, आणि उत्तर लेखी घ्या:

- त्या तारखांना शेतात काय असेल: रोप, हिरवं, पिवळं की खुंट? चांगली जागा खरं सांगते, आणि खोलीसमोरचा त्या आठवड्यातला फोटोही पाठवते.
- खोलीतून शेत दिसतं की फक्त बाग? ‘व्ह्यू’ या शब्दावर विसंबू नका.
- पार्किंगपासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? जागा उतारावर असतात. आई-वडील बरोबर असतील, गुडघे दुखत असतील, तर खालच्या ओळीतली नव्हे, जेवणघराजवळची खोली मागा.
- लहान मुलांचा दर कुठल्या वयापासून? इथे वयापेक्षा उंचीवर तिकीट घेण्याचीही पद्धत आहे.
- शेजारी बांधकाम चालू आहे का? दरीत सतत नवं काहीतरी उभं राहतंय. याचं उत्तर ताज्या अभिप्रायांत शोधा, गेल्या महिन्याभरातल्या.

किती रात्री? एक रात्र म्हणजे नुसती गाडी-गाडी. दोन किमान, तीन असतील तर सुख.

व्हिसा

भारतीय पासपोर्टला ई-व्हिसा मिळतो. एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलर. ऑगस्ट २०२३ पासून मुदत ९० दिवसांपर्यंत. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ असतं. शोधल्यावर वर येणारी बरीचशी पानं खासगी दलालांची असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. मंजुरीला तीन कामाचे दिवस सांगतात. तुम्ही दोन-तीन आठवडे हातात ठेवा.

नाव पासपोर्टमध्ये जसं आहे तसं, अक्षर न अक्षर. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं तिथे आपल्याकडचे लोक हमखास अडखळतात. पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत जो क्रम आहे तोच वापरा. चूक झाली तर पैसे परत मिळत नाहीत, नवा अर्ज करावा लागतो. मंजूर झालेला व्हिसा छापून घ्या आणि त्यावरची जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक घरीच तपासा. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी.

पैशांचा घोळ टाळा

एक रुपया म्हणजे साधारण तीनशे डाँग. तोंडी हिशेबासाठी शेवटची तीन शून्यं काढा आणि उरलेल्याला सव्वातीनने गुणा. शंभर हजार डाँग म्हणजे सव्वातीनशे रुपयांच्या आसपास. भाव सांगताना लोक ती तीन शून्यं तशीही गाळतात. ‘पन्नास’ म्हणजे पन्नास हजार.

खरा धोका दोन निळ्या नोटांचा आहे. वीस हजारांची निळी आणि पाच लाखांचीही निळसर. दोन्ही प्लॅस्टिकच्या, दोन्हीवर हो ची मिन्ह. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात टॅक्सीवाल्याला पासष्ट रुपयांऐवजी सोळाशे रुपये हातात देणं फार सोपं आहे. वीस हजारांच्या मागे होई आनचा छप्पर असलेला जपानी पूल आहे, पाच लाखांच्या मागे हो ची मिन्ह यांचं गावाकडचं घर. पहिल्याच दिवशी पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात टाका, म्हणजे प्रश्नच मिटला.

दरीत एटीएमवर भरवसा ठेवू नका. रिसॉर्टमध्ये कार्ड चालतं, कधी वर तीन टक्के लावून. गावात, बाजारात, तराफ्यावर फक्त रोख. हनोईतूनच पुरेसे डाँग घेऊन निघा. सिम घ्यायचं तर डोंगरात व्हिएतेलचं जाळं सर्वांत चांगलं.

हनोईहून दरीपर्यंत

मुंबईहून हनोईला थेट विमानं आहेत. हनोईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. उतरल्या उतरल्या दरीकडे धावू नका. रात्रीच्या विमानाचा शीण आणि घाट एकत्र नको. एक रात्र हनोईच्या जुन्या पेठेत काढा.

तिथून सोयीचं वाहन म्हणजे ‘लिमोझिन’. नाव मोठं, पण ही नऊ किंवा अकरा आसनांची आरामशीर व्हॅन असते. सकाळी सात-आठच्या सुमारास जुन्या पेठेतल्या हॉटेलवरून उचलतात आणि दुपारी बाराच्या आसपास रिसॉर्टच्या दारात सोडतात. एका बाजूचे साधारण तीन ते चार लाख डाँग. बुकिंग रिसॉर्टकडूनच करा. गाडी चुकली किंवा उशीर झाला तर फोनाफोनी तेच करतात. चौघं-पाच जण असाल तर खासगी गाडीचा दर विचारून पाहा, माणशी फारसा फरक पडत नाही आणि वाटेत थांबता येतं. ग्रॅबची, म्हणजे मोबाइल अ‍ॅपवरून बोलवायची टॅक्सी हनोईपुरती. दरीत ती नाही.

माय चाऊवरून जाणारा रस्ता थुंग खे घाट चढून जातो. पांढऱ्या चुनखडीच्या कड्यांतला हा घाट दिसायला देखणा आहे आणि पोटाला कठीण. गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी आणि मधल्या रांगेतलं आसन आधीच मागावं. मागच्या ओळीत बसून मोबाइल बघाल तर आलेपाक कामाला येणार नाही.

पोचल्यावर

खोली बहुधा दुपारी दोनला मिळते. तोवर सामान ठेवून जेवून घ्या. पासपोर्ट मागतील तर द्या. परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करणं प्रत्येक हॉटेलवर, अगदी गावातल्या घरगुती मुक्कामावरही, बंधनकारक आहे. नोंद झाली की परत मागून घ्या.

खोलीत शिरल्यावर पाहायच्या गोष्टी: पाणी तापवायच्या बॉयलरचा खटका (तो बऱ्याचदा बाथरूमच्या बाहेर असतो), मच्छरदाणीला भोक, आणि खिडकीची जाळी. दोन गोल पिनांचा आपला प्लग तिथे बसतो, वीज २२० व्होल्टचीच. जाड तीन पिनांचा बसत नाही. शौचालयात हाताने धरायचा फवारा असतो, ही एक काळजी मिटली. नळाचं पाणी पिऊ नका.

आणि आवाजांची तयारी ठेवा. निसर्ग म्हणजे शांतता असं शहरी डोक्यात बसलेलं असतं. इथे रात्री बेडूक, छपरात ‘तॉक-के’ ओरडणारी मोठी पाल, पहाटे चारपासून कोंबडे, आणि काही गावांत खांबावरच्या भोंग्यातून भल्या सकाळी सरकारी सूचना. शनिवारी शेजारच्या घरी चाकांचा स्पीकर आणून कराओके चालू झालं तर रात्री दहापर्यंत चालेल. ते बंद करायला सांगायला जाऊ नका. कापसाचे बोळे किंवा इअरप्लग न्या. छपरातल्या कोळ्याबद्दल तक्रार केलीत तर मुलं हसून काठीने बाहेर काढतील, पण उद्या दुसरा येणारच.

जेवण: शाकाहाऱ्यांनी नीट वाचा

मांसाहारी माणसाची इथे चंगळ आहे. को लुंग भागातलं बदक प्रसिद्ध, डोंगरातली गावठी कोंबडी, ओढ्यातला मासा भाजलेला, बांबूच्या नळीत शिजवलेला चिकट भात. थाई घरातलं जेवण चटईवर, मोठ्या गोल ताटाभोवती बसून. केळीच्या पानावर पदार्थ मांडलेले, मधे मिठाची वाटी. त्या मिठात मिरची, लसूण, पाला आणि ‘माक खेन’ नावाचा मसाला वाटलेला असतो. जिभेवर बारीक झिणझिण्या आल्या की कोकण-गोव्याकडच्या माणसाला ओळख पटेल: हे तिरफळच. बांगड्याच्या आमटीत आपण घालतो त्याच जातीच्या झाडाचं फळ, इथे भाजून, कुटून मिठात.

शाकाहाऱ्यांची गोष्ट वेगळी. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. भाजी दिसायला निव्वळ भाजी असते, पण त्यात माशाचा सॉस, म्हणजे ‘नुओक माम’, पडलेला असतो. तो नको म्हटलं तरी ‘हात नेम’ नावाची चवीची दाणेदार पूड उरते, आणि ती बहुधा डुकराच्या किंवा कोंबडीच्या अर्काची. फोचं, म्हणजे तिथल्या नूडल्सचं सूप हाडं उकळून केलेलं. वरचे मांसाचे तुकडे काढले म्हणून ते शाकाहारी होत नाही. तेव्हा सूचना अशी द्या: आम्ही ‘आन चाय’, म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी खातो, माशाचा सॉस नाही, हात नेम नाही, साधं मीठ किंवा सोया सॉस चालेल, अंडं चालतं किंवा चालत नाही. ‘चाय’ म्हटलं की त्यांना नेमकं कळतं, कारण चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच लोक स्वतः तसं खातात. कडक ‘चाय’मध्ये कांदा-लसूणही नसतो, ते जैन मंडळींना सोयीचं; कंदमुळांचं मात्र वेगळं सांगावं लागेल.

ही सूचना व्हिएतनामीत भाषांतर करून आगमनाच्या आदल्या दिवशी रिसॉर्टला पाठवा आणि फोनमध्येही ठेवा. स्वर थोडा चुकला की शब्द बदलतो, म्हणून बोलण्यापेक्षा दाखवणं बरं. ताटात काय येईल? लसणावर परतलेली पाणपालकासारखी ‘राउ मुओंग’, टोमॅटोतलं टोफू, उकडलेल्या भाज्या, बांबूचे कोंब, भात, आणि तीळ-शेंगदाणे कुटून केलेलं मीठ. ते भातावर घ्या, घरची आठवण येईल. तिसऱ्या दिवशी मात्र तेच ते होतं. मेतकूट, लसणाची चटणी, थोडा खाकरा बरोबर असू द्या. भात तर कायम मिळणारच.

एक सावधगिरी. जेवताना पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून पारदर्शक काही ओतलं तर ते पाणी असेलच असं नाही. घरची भाताची दारू त्याच बाटल्यांत ठेवतात. पिणार नसाल तर हसून, छातीवर हात ठेवून नको म्हणा. कोणी रागावत नाही. पहिला पेला घेतलात की दुसरा नाकारणं अवघड जातं.

दिवसभर करायचं काय

काही नाही केलं तरी चालतं, पण सकाळी सहा ते नऊ खोलीत लोळू नका. तेवढे तीन तास दरी सर्वांत चांगली दिसते आणि सर्वांत जास्त कामात असते. बांधावरून चाला. बांध अरुंद असतात. समोरून डोक्यावर किंवा खांद्यावर ओझं घेऊन कोणी येत असेल तर तुम्ही बाजूला व्हा, त्यांना खाचरात उतरायला लावू नका. कापणीच्या दिवसांत वाटेवर भात वाळत घातलेलं असतं, त्यावरून चालायचं नाही हे आपल्याला सांगायची गरज नसावी. पण ड्रोन उडवणाऱ्यांना सांगावी लागते.

बान हिएऊचा धबधबा टप्प्याटप्प्याने गावातूनच उतरतो. पाण्यात चुना इतका की ओढ्यात पडलेली पानं, फांद्या, मुळं यांच्यावर थर चढून त्यांचा दगड होतो. वरच्या डोहात पोहता येतं. तळ खरखरीत असल्याने चपला घालूनच उतरा. खो मुओंगला वटवाघळांची गुहा आहे. वाटाड्या आणि चांगली बॅटरी असल्याशिवाय आत जाऊ नका.

चाम नदीवरचे बांबूचे रहाट मात्र चुकवू नका. तिथे मी दुपार घालवीन, बाकी काही राहिलं तरी चालेल. माणसापेक्षा कितीतरी उंच चाक, संपूर्ण बांबूचं, खिळा जवळपास नाहीच. नदीच्या प्रवाहाने ते आपसूक फिरतं. कडेला तिरप्या बांधलेल्या बांबूच्या नळ्या खाली आल्या की पाण्याने भरतात, वर गेल्या की कलंडतात आणि पाणी बांबूच्याच पन्हळीत पडतं. तिथून पाटाने शेतात. ना पंप, ना डिझेल. तिथेच बांबूच्या तराफ्यावरून फेरी मिळते.

गुरुवारी किंवा रविवारी सकाळी फो दोआनचा आठवडी बाजार. विणलेलं कापड, बांबूचे कोंब, बदकं, रानातल्या मुळ्या. नऊच्या आत पोचा, दुपारपर्यंत उठतो.

अभयारण्यात वन्यप्राणी दिसतील या आशेवर जाऊ नका. पांढऱ्या कुल्ल्यांचा देलाकूर लंगूर या चुनखडीच्या डोंगरांत आहे, पण अतिशय दुर्मीळ. तो पाहायचाच असेल तर निन्ह बिन्हमधल्या व्हान लाँगला होडीतून फिरा, तिथे शक्यता जास्त.

कोणाच्या घरात शिरताना चपला जिन्याखाली काढा, देव्हाऱ्याकडे पाय करून बसू नका, त्याचा फोटो विचारल्याशिवाय नको. मुलांना खाऊ-पैसे वाटू नका. संध्याकाळी शोए नाच असेल तर गोलात हात धरून सामील व्हा. २०२१ साली युनेस्कोच्या यादीत गेलेला हा थाई लोकांचा नाच पाहण्यापेक्षा नाचण्यासाठीच आहे.

दुचाकी भाड्याने घ्यावी का?

माझं मत: नको. रिसॉर्टवाले सहज देतात, परवाना बघतही नाहीत, आणि तिथेच फसगत होते. आपलं आरटीओ जे आंतरराष्ट्रीय परमिट देतं ते १९४९च्या जिनिव्हा करारातलं. व्हिएतनाम १९६८च्या व्हिएन्ना करारातलं मानतो. म्हणजे पन्नास सीसीवरची गाडी तुम्ही तिथे विनापरवानाच चालवता. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. वाहतूक उजवीकडून, उतार तीव्र, वळणावर वाळू, पावसात चिखल. त्यापेक्षा स्थानिक चालकाच्या मागे बसा. अर्ध्या दिवसाचे पैसे आधी ठरवून घ्या. सायकलही चांगली, पण चढ आहेत हे ध्यानात ठेवून.

बॅगेत काय

पकड असलेले बूट, पाण्यात चालणाऱ्या चपला, लांब बाह्यांचा पातळ शर्ट, डास पळवणारं मलम (डेंग्यू तिथेही आहे), बॅटरी, पावसाळी पोंचो, हिवाळ्यात स्वेटर. पावसाळ्यात जळवा असतात, त्यासाठी लांब मोजे आणि चिमूटभर मीठ. नेहमीची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह घ्या, कारण दरीत मोठं रुग्णालय नाही. गंभीर काही झालं तर हनोई. म्हणून प्रवास विमा काढा, आणि रुग्णवाहिकेचा ११५, पोलिसांचा ११३ हे नंबर लिहून ठेवा. तिथे इंग्रजी कळेलच असं नाही, म्हणून पहिला फोन रिसॉर्टला.

निघताना

आदल्या रात्रीच बिल मागा आणि ओळ न ओळ वाचा: मिनीबारचं पाणी, धुलाई, तराफा, कर. सकाळच्या घाईत हे होत नाही. बक्षिसी द्यायची सक्ती नाही. द्यायची तर काउंटरवरच्या डब्यात टाका, म्हणजे स्वयंपाकघरातल्या आणि बागेतल्या लोकांपर्यंतही पोचते.

परतीच्या गाड्या बहुधा दुपारनंतर सुटतात आणि हनोईत दिवेलागणीला पोचतात. खोली अकरा-बाराला सोडावी लागते. मधल्या वेळात आंघोळीची सोय आहे का हे विचारून ठेवा, असते. त्याच रात्रीचं विमान धरू नका. घाटात एक ट्रक अडकला की दोन तास गेले. आणि रविवारी परतत असाल तर हनोईचं हॉटेल होआन कीम तळ्याच्या अगदी काठावर घेऊ नका. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तिथले रस्ते चालणाऱ्यांसाठी राखीव असतात, व्हॅन बाहेरच सोडते, आणि चिखलाच्या बुटांसह बॅगा ओढत गर्दीतून जावं लागतं. दोन गल्ल्या पलीकडचं घ्या, स्वस्तही पडतं.